थिजलेल्या इंजिनाला ऊब : ब्लॉक हीटर कसा चालतो आणि केव्हा बदलावा

कॅनडातील एडमंटन, सास्काटून, विनिपेग किंवा अमेरिकेतील मिनेसोटा, नॉर्थ डकोटा या भागांत हिवाळ्यात प्रथमच गेलेल्या माणसाला तेथील मोटारींची एक गोष्ट विचित्र वाटते. गाडीच्या पुढच्या जाळीतून विजेची एक वायर बाहेर लोंबत असते आणि तिच्या टोकाला इस्त्रीला असतो तसा तीन पिनांचा प्लग असतो. कचेऱ्यांच्या आणि इमारतींच्या वाहनतळांवर प्रत्येक जागेसमोर विजेचा खांब असतो आणि रात्री ओळीने गाड्या त्या खांबांना जोडलेल्या दिसतात. पुण्या-मुंबईहून मुलाकडे किंवा मुलीकडे काही महिन्यांसाठी गेलेले आईवडील 'इथे सगळ्याच गाड्या विजेवर चालतात का?' असे विचारतात, तेव्हा तिथल्या रहिवाशांना हसू येते. पण प्रश्न अगदीच चुकीचा नसतो. गाडी पेट्रोलवरच चालते. मात्र ती सकाळी सुरू व्हावी यासाठी रात्री वीज लागते. ती वीज ज्या उपकरणाला लागते त्याला 'इंजिन ब्लॉक हीटर' म्हणतात.

महाराष्ट्रातून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी या प्रदेशांत जाणाऱ्या तरुणांना हे उपकरण बहुधा पहिल्या कडाक्याच्या सकाळीच कळते. सप्टेंबरमध्ये जुनी गाडी घ्यायची, ऑक्टोबर-नोव्हेंबर ती उत्तम चालते, आणि डिसेंबरात एका पहाटे किल्ली फिरवली की एक क्षीण कुरकुर ऐकू येते व पुढे काहीच घडत नाही. शहरात असे झाले तर एक दिवस बुडतो. उणे तीस अंशांत महामार्गाच्या कडेच्या एखाद्या निर्जन ठिकाणी झाले तर प्रसंग जिवावर बेतू शकतो. म्हणून या लहानशा उपकरणाची नीट ओळख करून घेणे उपयोगाचे आहे.

थंडीत इंजिनाचे काय होते

विनिपेगचे जानेवारीतील सरासरी तापमान शून्याखाली १६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आणि उणे तीसच्या खाली जाणाऱ्या रात्री तेथे नवलाच्या नाहीत. अलास्कातील फेअरबँक्स किंवा कॅनडाच्या उत्तरेकडील यलोनाइफ येथे थंडी याहूनही बरीच अधिक. अशा रात्री उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीवर एकाच वेळी तीन-चार संकटे येतात.

पहिले संकट ऑइलचे. आपल्याकडे जानेवारीत खोबरेल तेलाची बाटली थिजते आणि ती उन्हात ठेवावी लागते, हा प्रत्येक घरातला अनुभव आहे. इंजिन ऑइल खोबरेलासारखे पांढरे गोठत नाही, पण काकवीसारखे दाट होत जाते. डब्यावर लिहिलेल्या 'टेन डब्ल्यू थर्टी' किंवा 'झिरो डब्ल्यू ट्वेंटी' यांतील 'डब्ल्यू' म्हणजे 'विंटर', हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान तितके ते ऑइल थंडीत अधिक पातळ राहते. इंजिन फिरवताना ऑइलचा अडथळा किती होतो याची प्रमाणित चाचणी 'टेन डब्ल्यू' ऑइलसाठी उणे २५ अंशांवर, 'फाइव्ह डब्ल्यू'साठी उणे ३० अंशांवर आणि 'झिरो डब्ल्यू'साठी उणे ३५ अंशांवर घेतली जाते. यावरून कोणते ऑइल कुठवर साथ देईल याचा अंदाज यावा. ऑइल दाट झाले की इंजिन फिरवायला स्टार्टरला अधिक जोर लावावा लागतो. इतकेच नव्हे, इंजिन सुरू झाल्यावरही ते ऑइल वरच्या भागांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि तोवर धातूवर धातू जवळजवळ कोरडाच घासत राहतो.

दुसरे संकट बॅटरीचे. बॅटरीची वीज रासायनिक क्रियेतून येते आणि थंडीत ही क्रिया मंदावते. उणे १८ अंशांना शिशाच्या बॅटरीची जोर लावण्याची शक्ती नेहमीच्या निम्म्याहूनही कमी होते. म्हणजे ज्या क्षणी इंजिन अधिक शक्ती मागते, नेमक्या त्याच क्षणी बॅटरीकडे ती कमी असते. तिसरे संकट इंधनाचे. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. थंडीत वाफ कमी होत असल्याने संगणक अधिक पेट्रोल सोडतो; त्यातले बरेच अर्धवट जळते आणि धुराच्या नळीतून विषारी वायूंच्या रूपाने बाहेर पडते. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर स्वतः काहीशे अंश तापल्यावरच कामाला लागतो, त्यामुळे गार इंजिनाच्या पहिल्या काही मिनिटांतला धूर सर्वांत घातक असतो.

येथे एक गैरसमज दूर केलेला बरा. हवामानाच्या बातम्यांत 'विंड चिल' म्हणून जो भयंकर आकडा सांगितला जातो तो माणसाच्या उघड्या त्वचेसाठी असतो. हवा उणे वीस आणि विंड चिल उणे बत्तीस असेल तर इंजिन उणे वीसपर्यंतच गार होते. वाऱ्याने ते लवकर गार होते एवढेच. तेव्हा हीटर लावायचा की नाही, हे हवेच्या प्रत्यक्ष तापमानावरून ठरवावे.

इस्त्रीपासून हीटरपर्यंत

वीज नसण्याच्या काळात लोक काय करीत? कॅनडाच्या आणि अलास्काच्या उत्तर भागात विमाने चालविणारे वैमानिक रात्री इंजिनातले ऑइल काढून घेत, ते झोपडीत शेगडीजवळ ठेवीत आणि सकाळी गरम करून पुन्हा ओतीत. मोटारवाल्यांपैकी काही जण निखाऱ्यांचे घमेले इंजिनाखाली सरकवीत. त्यात गाड्या जळाल्याही असतील.

खेडोपाडी वीज पोहोचल्यावर चित्र पालटले. नॉर्थ डकोटातील ग्रँड फोर्क्स येथे अँड्र्यू फ्रीमन नावाचे विद्युत अभियंता ग्रामीण वीज सहकारी संस्थेचे काम पाहत असत. इंजिनाचे वरचे झाकण आवळून धरणाऱ्या बोल्टांपैकी एक काढून त्या जागी विजेने तापणारा बोल्ट बसवावा, ही त्यांची कल्पना. या 'हेडबोल्ट हीटर'चे पेटंट त्यांना १९४९ साली मिळाले. त्यांनी पहिला नमुना जुन्या इस्त्रीतील तापणारा भाग आणि तांब्याच्या नळीचे तुकडे वापरून तयार केला होता, असे सांगितले जाते. आजचे हीटर बोल्टाच्या जागी बसत नाहीत. पण इंजिनाला बाहेरच्या विजेने आतून ऊब देण्याची कल्पना तीच आहे.

बादलीतला रॉड आणि इंजिनातला रॉड

ज्यांच्या घरी आंघोळीचे पाणी बादलीत विजेचा रॉड टाकून तापवले जाते, त्यांना ब्लॉक हीटरचे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. इंजिनाच्या ओतीव सांगाड्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, सिलिंडरांभोवती पोकळ वाटा असतात. त्यांतून कुलंट, म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण, खेळत असते. ब्लॉकच्या बाजूला काही गोल भोके असतात व ती पत्र्याच्या वाट्यांसारख्या बुचांनी बंद केलेली असतात. ब्लॉक ओतताना आतील पोकळीसाठी जी वाळू भरलेली असते ती काढण्यासाठी ही भोके ठेवावी लागतात. कुलंट गोठल्यास बूच बाहेर फेकले जाऊन ब्लॉक वाचतो, अशा समजुतीने त्यांना 'फ्रॉस्ट प्लग' किंवा 'फ्रीझ प्लग' हे नाव पडले आहे. त्यावर विसंबून मात्र कोणी राहू नये. पुष्कळदा बूच जागचे हलत नाही आणि ब्लॉकच तडकतो.

यांपैकी एक बूच काढून त्या जागी हीटर बसवतात. त्याचे वळवलेले तापणारे टोक आत कुलंटमध्ये बुडालेले राहते, आणि विजेची जोडणी बाहेर. वीज सुरू झाली की टोकाजवळचे कुलंट तापते, हलके होऊन वर चढते व त्याची जागा गार कुलंट घेते. कोणताही पंप न चालता हे अभिसरण रात्रभर मंदपणे चालू राहते. कुलंटाची ऊब ब्लॉकच्या धातूत, तेथून सिलिंडरांच्या भिंतींत आणि काही अंशी ऑइलमध्ये उतरते.

मोटारींतील हीटर साधारणपणे ४०० ते ७५० वॅटचे असतात. मोठ्या डिझेल ट्रकांचे १००० वॅटचे किंवा त्याहून अधिक. आपला बादलीतला रॉड याहून जबर असतो, मग इंजिनातले कुलंट उकळत का नाही? कारण हीटरला पंधरा लिटर पाणी नव्हे, तर शंभराहून अधिक किलो धातू तापवायचा असतो, आणि तोही अशा थंडीत, जिथे प्रत्येक क्षणाला ऊब हवेत निसटत असते. काही तासांनी हीटर जितकी उष्णता देतो तितकीच इंजिन बाहेर टाकू लागते व तापमान स्थिर होते. इंजिन गरम करणे हे हीटरचे कामच नव्हे. त्याची कडाक्याची थंडी मोडणे एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते आणि तेवढे पुरते.

सर्वच गाड्यांत हीटर कुलंटमध्ये बुडालेला असतो असे नाही. काही इंजिनांत ब्लॉकमध्ये मुद्दाम ठेवलेल्या खोबणीत कांडीसारखा कोरडा हीटर बसतो व धातूला थेट तापवतो. टोयोटाच्या अनेक गाड्यांत ही पद्धत आहे. त्यात कुलंट गळण्याची भीती नसते, पण कांडी आणि धातू यांच्यात मधे पोकळी राहिली तर उष्णता पोहोचत नाही. रेडिएटरच्या खालच्या नळीत बसणारा हीटर असतो, ऑइलच्या तळपात्राला बाहेरून चिकटवायची रबरी गादी असते, बॅटरीला गुंडाळायची गरम रजईसुद्धा मिळते. ऑइल मोजायच्या पट्टीच्या जागी घालायचा हीटरही बाजारात असतो. तो स्वस्त व सोपा खरा, पण इवल्याशा जागेत ऑइल करपवण्यापलीकडे त्याचा फारसा उपयोग होतो असे वाटत नाही. ज्यांच्या गाड्या घराबाहेर, विजेपासून दूर उभ्या राहतात त्यांच्यासाठी गाडीतलेच इंधन जाळून कुलंट तापवणारे हीटर आहेत. वेबास्टो आणि एबरस्पेशर ही त्यांतली परिचित जर्मन नावे. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड येथेही विजेच्या हीटरांची जुनी परंपरा आहे, मात्र तिकडची वीज २३० व्होल्टची व उत्तर अमेरिकेतली १२० व्होल्टची, त्यामुळे एकीकडचा हीटर दुसरीकडे चालत नाही.

रात्रभर लावावा का?

नाही. हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर वीजबिलाशी निगडित आहे. ६०० वॅटचा हीटर दहा तास चालला तर सहा युनिट वीज जळते. तीनच तास चालला तर १.८ युनिट. हिवाळ्यातल्या शंभर रात्रींचा हिशेब केला तर एकीकडे ६०० युनिट, दुसरीकडे १८०. आणि वर सांगितल्याप्रमाणे काही तासांनी तापमान वाढायचे थांबलेले असते, म्हणजे उरलेली वीज केवळ अंगण तापवते. सकाळी सातला निघायचे असेल तर पहाटे चारला किंवा पाचला हीटर आपोआप सुरू करणारा, घराबाहेर वापरण्यास योग्य असा टायमर बसवणे हा सरळ उपाय. सामान्य मोटारीला दोन ते तीन तास पुरतात. मोठ्या डिझेलला किंवा उणे ३५च्या खाली चार तास द्यावेत.

कोणत्या तापमानाला तो लावू लागावे, याबाबत गाडीच्या पुस्तिकेतील सूचना प्रमाण मानावी. सर्वसाधारणपणे उणे १५ ते उणे २० अंशांखाली त्याची गरज पडते. 'झिरो डब्ल्यू' सिंथेटिक ऑइल आणि सुस्थितीतील बॅटरी असलेली आजची पेट्रोल गाडी उणे २५लाही हीटरविना सुरू होईल. तरी लावण्यात फायदा आहे. कॅनडाच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या सांगण्यानुसार उणे २० अंशांना ब्लॉक हीटरमुळे इंधनाची दहा टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते. शिवाय काचेवरचे हिम वितळवणारी गरम हवा लवकर येते, आणि इंजिनाची झीज कमी होते ती वेगळीच. हीटर लावलेल्या गाडीला नंतर पंधरा मिनिटे जागच्या जागी चालू ठेवण्याची आवश्यकता नसते. अर्ध्या-एक मिनिटात निघून पहिले काही किलोमीटर हळू चालवणे उत्तम.

डिझेल गाडीच्या बाबतीत हीटर ही चैन नव्हे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवली जाते की इंधन आपोआप पेटते. ब्लॉकच बर्फासारखा गार असेल तर दाबलेल्या हवेची उष्णता भिंती शोषून घेतात. त्यावर ग्लो प्लग असतात, पण तीव्र थंडीत ते एकटे पुरे पडत नाहीत. मात्र हेही लक्षात ठेवावे की ब्लॉक हीटर इंधनाची टाकी तापवत नाही. थंडीत डिझेलमधील मेण साकळून फिल्टर चोंदतो, त्यावर उपाय हिवाळी डिझेल हाच. आपल्या देशातही हा प्रश्न आहे. लडाखमधील वाहनचालकांसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल आणले, ते याच कारणाने.

दुखणे बहुधा वायरीचे

आता मुख्य प्रश्न, हीटर बदलावा केव्हा. टायर किंवा ऑइल यांच्याप्रमाणे त्याला किलोमीटरची किंवा वर्षांची ठरलेली मर्यादा नाही. चांगला बसवलेला हीटर गाडीच्या आयुष्याइतका टिकू शकतो, आणि वाईट बसवलेला पहिल्याच रात्री जळू शकतो. तेव्हा वयापेक्षा लक्षणांकडे पाहावे. प्रतिवर्षी ऑक्टोबरात, थंडी अंगावर येण्याच्या आधी, एक तपासणी करावी.

हीटर 'गेला' म्हणून ज्या गाड्या दुरुस्तीला जातात त्यांतील पुष्कळांत दोष हीटरचा नसून वायरीचा असतो. ही वायर इंजिनाची उष्णता, रस्त्यावरचे मीठ, खडे, चिखल आणि उणे तीसचा ताठरपणा हे सर्व सोसत असते. काही वर्षांनी तिचे आवरण कडक होऊन चिरते, प्लगच्या पिनांवर हिरवट गंज चढतो, हीटरकडचे टोक सैल होऊन तेथे ठिणगी पडू लागते. प्लग काळवंडला असेल, वितळल्यासारखा दिसत असेल, किंवा वापरानंतर हाताला चटका देण्याइतका तापत असेल, तर ती वायर त्याच दिवशी बाद करावी. चिकटपट्टी गुंडाळून दिवस काढणे ही आपल्याकडची सवय येथे आग लावू शकते. अनेक गाड्यांत वायर हीटरपासून सुटी करता येते व तेवढीच बदलता येते. तिची किंमतही हीटर बसवण्याच्या मजुरीपुढे किरकोळ असते.

हा धोका केवळ जुन्या गाड्यांना असतो असेही नाही. डिसेंबर २०१८मध्ये फोर्ड कंपनीने उत्तर अमेरिकेतील सुमारे ८ लाख ७४ हजार पिक-अप ट्रक ब्लॉक हीटरच्या वायरीसाठी परत बोलावले होते. वायरीच्या जोडात पाणी व घाण शिरून ते सडत असे आणि त्यातून आग लागण्याचा संभव होता. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तिच्या क्रमांकावरून अशी एखादी दुरुस्ती राहून गेली आहे काय, हे उत्पादकाच्या किंवा सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्यावे. हे विनामूल्य असते आणि दुरुस्तीही विनामूल्य होते.

घरातून गाडीपर्यंत नेलेली जोडवायर हा आणखी एक दुर्बळ दुवा. घरातल्या दिव्याला लावायची बारीक वायर बर्फातून ओढून हीटरला जोडणारे नवागत पुष्कळ. ६०० वॅटचा हीटर १२० व्होल्टवर पाच अँपिअर वीज सलग काही तास ओढतो, आणि १००० वॅटचा आठ अँपिअरहून अधिक. जोडवायर घराबाहेर वापरण्याची, तीन पिनांची, जाड तारेची आणि जमेल तितकी आखूड असावी. ज्या सॉकेटात ती लावायची त्याला वीज गळताच प्रवाह तोडणारी सुरक्षा हवी.

खरोखरच हीटर गेला आहे का?

सर्वांत सोपी कसोटी वीज मोजणाऱ्या छोट्या मीटरची. भिंतीतला सॉकेट आणि वायर यांच्यामध्ये तो लावला की किती वॅट ओढले जात आहेत ते दिसते. ४०० वॅटच्या हीटरने ४००च्या जवळपास आकडा दाखवला तर उपकरण ठीक आहे, शून्य दाखवला तर कुठेतरी तार तुटली आहे. असा मीटर नसेल तर मल्टिमीटर घ्यावा. वायर भिंतीतून काढून तिच्या प्लगच्या दोन चपट्या पिनांमधील विरोध मोजावा. १२० व्होल्टच्या ४०० वॅट हीटरचा विरोध सुमारे ३६ ओहम, ६०० वॅटचा २४ ओहम आणि १००० वॅटचा साधारण १४ ओहम भरतो. मीटर अनंत विरोध दाखवत असेल तर आतली तार तुटली आहे. नंतर एक चपटी पिन आणि गोल पिन, म्हणजे अर्थिंग, यांच्यात मोजावे. तेथे काहीही जोडणी दिसता कामा नये. दिसलीच तर हीटरचे आवरण फुटून वीज कुलंटमध्ये वा गाडीच्या अंगात उतरत आहे असे समजावे. असा हीटर पुन्हा एकदाही लावू नये. प्लग लावताच घरातील सुरक्षा बटण वारंवार पडते तेही याच कारणाने. ते बटण 'नाजूक' आहे म्हणून दुसऱ्या सॉकेटात प्लग लावण्याची चूक अनेकांना महागात पडते.

मोजताना एक खबरदारी घ्यावी. काही वायरींत थर्मोस्टॅट बसवलेला असतो आणि ठरावीक थंडी पडेपर्यंत तो वीज पुढे जाऊ देत नाही. जनरल मोटर्सच्या काही ट्रकांत ही मर्यादा उणे १८ अंशांच्या आसपास असते. अशी गाडी उबदार गॅरेजमध्ये तपासली तर हीटर मेल्यासारखा दिसतो आणि धडधाकट हीटर फेकला जातो. वायर सुटी करून थेट हीटरच्या टोकांवर मोजले की खरे काय ते कळते.

विजेचे आकडे बरोबर असूनही हीटर बदलावा लागतो, तो गळतीमुळे. गाडीखाली हिरवा, केशरी किंवा गुलाबी डाग दिसला, कुलंटची पातळी पुनःपुन्हा उतरू लागली आणि ओल हीटरच्या तोंडाशी सापडली, तर त्याची रबरी कडी सुकली आहे किंवा धातू गंजला आहे. नुसती कडी बदलूनही काम भागू शकते, परंतु कुलंट काढावे लागणारच आहे, मजुरी तीच आहे. अशा वेळी जुना हीटर पुन्हा बसवण्यात शहाणपण दिसत नाही. गळतीकडे दुर्लक्ष केले तर कुलंट उतरून हीटर उघडा पडतो, आणि बादलीतले पाणी संपल्यावर रॉडचे जे होते तेच त्याचे होते.

गाडीला हीटर आहे की नाही, हेही गृहीत धरू नये. व्हँकुव्हरसारख्या सौम्य हवेच्या शहरातून किंवा अमेरिकेच्या दक्षिणेकडून आलेल्या गाडीत तो नसण्याची शक्यता असते. काही वेळा वायर जाळीमागे तशीच गुंडाळून ठेवलेली असते, तर काही वेळा वायर बाहेर दिसते पण मागे हीटरच नसतो. शुद्ध विद्युत गाडीत मात्र तो शोधू नये. तिला इंजिन ब्लॉकच नसतो, आणि तिची बॅटरी उबदार ठेवण्याची व्यवस्था चार्जिंगच्या जोडणीतूनच होते.

बदलताना

हे काम हाताळण्याजोगे असले तरी सर्वांनी करण्याजोगे नाही. हीटरची जागा बहुधा धुराच्या नळ्यांच्या मागे, हात जेमतेम पोहोचेल अशी असते. इंजिन पूर्ण थंड हवे. गरम कुलंट दाबाखाली असते व अंगावर उडाले तर गंभीर भाजते. काढलेले कुलंट उघड्या भांड्यात ठेवू नये. इथिलीन ग्लायकॉल गोडसर लागते आणि कुत्र्यामांजरांना थोडेसेही प्राणघातक ठरते. मुलांचीही तीच भीती. ते गटारात न ओतता संकलन केंद्रात द्यावे.

नवा हीटर त्याच इंजिनासाठी बनवलेला आणि कॅनडात सीएसए किंवा तत्सम प्रमाणचिन्ह असलेला घ्यावा. बूच बसते ती जागा गंज खरवडून स्वच्छ करावी, रबरी कडीला उत्पादकाने सांगितलेले वंगण लावावे, आणि हीटरचे आतले टोक आतल्या धातूला टेकत नाही ना, हे तो थोडा डावी-उजवीकडे फिरवून पाहावे. टेकलेले टोक तेवढ्याच जागी तापून लवकर फुटते. कुलंट नव्याने भरताना पाण्याचे प्रमाण सांभाळावे. निम्मे ग्लायकॉल व निम्मे पाणी हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. अधिक ग्लायकॉल म्हणजे अधिक सुरक्षितता हा तर्क मात्र एका मर्यादेपुढे उलटतो, कारण शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या सुमारासच गोठते. कुलंट बदलण्याची वेळ आलेलीच असेल तर हीटरचे काम त्याच खेपेस उरकावे, म्हणजे मजुरी वाचते.

वायर नेताना ती धुराच्या नळीपासून, पंख्यापासून व पट्ट्यांपासून दूर ठेवून जागोजागी बांधावी आणि प्लग जाळीबाहेर अशा ठिकाणी आणावा की निघताना तो नजरेस पडेल. प्लग काढायचे विसरून गाडी पुढे नेणारे आणि खांबासकट वायर ओढणारे दर हिवाळ्यात निघतातच. वायर आरशाला एक वेढा घालून नेण्याची तेथील लोकांची युक्ती म्हणूनच चांगली.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेवटी येते आणि नेमकी तीच घाईत राहते. हीटर बसवला, कुलंट भरले, की 'चालतो का पाहू' म्हणून लगेच प्लग लावण्याचा मोह होतो. त्या वेळी हीटरभोवती हवेचा बुडबुडा अडकलेला असू शकतो आणि कोरडा हीटर काही क्षणांत जळून जातो. आधी इंजिन चालू करावे, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत तापू द्यावे, अडकलेली हवा निघून गेल्याची खात्री करावी. इंजिन पुन्हा थंड झाल्यावर कुलंटची पातळी पाहून कमी पडलेले भरावे, आणि नंतरच प्लग लावावा. मिनिटाभरात ब्लॉकमधून पातेल्यातले पाणी तापू लागताना येतो तसा मंद सूं-सूं आवाज येऊ लागतो. अर्ध्या तासाने हीटरच्या आसपासच्या धातूला हात लावून पाहावा, तोंडाशी ओल नाही ना याकडे लक्ष द्यावे आणि प्लग काढून त्याच्या पिना चाचपून पाहाव्यात. त्या कोमट असतील तर हरकत नाही, गरम असतील तर जोडणी पुन्हा उघडावी लागेल.